रंग नैसर्गिक आहे. आणि हत्तीचं उभं राहणं?

डिसेंबर जवळ आला की कॉलेजच्या ग्रुपवर ट्रिपची पीडीएफ फिरायला लागते. दिल्ली-आग्रा-जयपूर, पाच रात्री सहा दिवस, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. त्यात आमेर किल्ल्याच्या दिवशी दुपारच्या रकान्यात बरेचदा एक ओळ दिसते: हत्तींना चारा भरवणे, आंघोळ घालणे आणि नैसर्गिक रंगांनी हत्ती रंगवणे. ग्रुपवर लगेच हार्ट पडतात. कोणीतरी आधीच एखादं रील टाकलेलं असतं. त्यात सोंडेवर पिवळी फुलं, कानावर निळी नक्षी, बाजूला ब्रश घेऊन हसणारी चार मुलं असतात.

तुम्ही निर्दयी नाही, हे मला माहीत आहे. उलट तुमच्यातल्या अनेकांनी हत्तीवर बसायचं नाही असं आधीच ठरवलेलं असतं. आमेरच्या चढावर पाठीवर हौदा आणि हौद्यात दोन माणसं घेऊन जाणाऱ्या हत्तींचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या गौरी नावाच्या हत्तिणीने एका रशियन पर्यटक महिलेला सोंडेने उचलून आपटलं, तेही सगळ्यांच्या फोनवर फिरलं. मग सवारी नको, त्यापेक्षा रंग लावू, त्यात काय वाईट आहे, असा हिशेब होतो. वर 'नैसर्गिक' हा शब्द आहेच. तो शब्द वाचला की पुढचे प्रश्न आपण विचारतच नाही.

तर आधी या शब्दाकडेच बघू. हळद नैसर्गिक आहे, गेरू नैसर्गिक आहे, तशी हरताळही नैसर्गिकच आहे. जुन्या पोथ्यांमध्ये चुकलेली ओळ झाकायला जी पिवळी माती फासायचे, जिच्यावरून 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आला, ती म्हणजे आर्सेनिकचं खनिज. हिंगूळ पाऱ्याचं. पर्यटकांच्या वाटीत कोणी हरताळ कालवून देतं असं मी म्हणत नाही. पण रंगपंचमीला 'शंभर टक्के नॅचरल' लिहिलेलं पाकीट घेऊन आपण घरी येतो, तेव्हा त्यात काय आहे ते कितीदा वाचतो? हत्तीच्या बाबतीत तर वाचायला पाकीटही नसतं. वाटीत रंग असतो आणि सांगणारा माणूस असतो.

पण समजा, रंग खरोखरच शुद्ध हळद, गेरू आणि खडू यांचाच आहे. समजा त्याने कातडीला काहीच होत नाही. तरी माझा मुद्दा तिथेच राहतो. अनोळखी माणसं अंगाला हात लावतायत, ओला ब्रश डोळ्याजवळून फिरतोय, सेल्फीसाठी कोणी सोंड धरतंय, आणि तीन-चार टन वजनाचा प्राणी एका जागी गप्प उभा आहे. तो का उभा आहे?

त्याला आवडतंय म्हणून, असं आपण स्वतःला सांगतो. हत्तीची कातडी काही ठिकाणी इंचभर जाड असते, पण अंगावर माशी बसलेलीही तिला कळते. कानांच्या पातळ त्वचेखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. कान हलवून तो शरीरातली उष्णता बाहेर टाकतो, कारण आपल्यासारखा सगळ्या अंगाला त्याला घाम येत नाही. रंगवायला सोपी, सपाट जागा म्हणून पर्यटक नेमका कानच निवडतात. आणि हत्तीला अंगाला काही फासून घ्यायचंच असेल, तर ते तो स्वतः करतो. आंघोळ झाली की लगेच चिखल नाहीतर धूळ उडवून घेतो. ऊन आणि किडे यांच्यापासून बचावाची ती त्याची पद्धत. आपण काय करतो? तो चिखल पाइपने धुऊन काढतो, त्यावर फुलं काढतो, फोटो झाले की फुलंही धुतो. मग पुढचा ग्रुप येतो.

ही स्थिरता शिकवलेली असते. हत्ती कुत्र्यासारखा पिढ्यान् पिढ्या माणसाळलेला प्राणी नाही. पाळलेला हत्तीही स्वभावाने रानटीच असतो, आणि त्याला हुकमात आणण्याची जुनी रीत म्हणजे कळपापासून तोडणं, बांधून ठेवणं, भूक आणि भीती. जयपूरच्या हत्ती बहुतेक माद्या आहेत. राजस्थानात रानटी हत्ती नाहीत, म्हणजे या सगळ्या आसाम-बिहारसारख्या लांबच्या मुलखांतून किंवा तिथल्या बाजारांतून आलेल्या. माद्या आयुष्यभर आई, मावश्या, बहिणी अशा कळपात राहणाऱ्या. माहुताच्या हातात अंकुश दिसत नसला तरी तो काय असतो हे त्यांना ठाऊक असतं.

'पण ही तर तिथली परंपरा आहे,' असं कोणीतरी म्हणेलच. हत्ती सजवणं ही जयपूरची परंपरा आहे, मान्य. तीज-गणगौरच्या मिरवणुकीआधी माहूत स्वतः, आपल्या हत्तीला, वर्षातून मोजक्या वेळा रंगवायचे. होळीचा हत्ती महोत्सव याच सजावटीमुळे जगभर गाजला आणि प्राणिप्रेमी संघटनांच्या आक्षेपांमुळे अडचणीतही आला. रासायनिक रंगांवर टीका झाली म्हणून बाजाराने शोधलेली पळवाट म्हणजे 'नैसर्गिक रंग', असं मला वाटतं. पण रोज दुपारी, तासाच्या दराने, पुण्या-नाशिकहून आलेल्या मुलांनी कानावर स्वतःचं इन्स्टा हँडल लिहायचं, ही कोणाची परंपरा?

कायद्याचंही थोडं सांगते, कारण ते ट्रिपच्या पीडीएफमध्ये नसतं. आशियाई हत्ती वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. 2010 मध्ये केंद्राने त्याला राष्ट्रीय वारसा प्राणी जाहीर केलं. प्राण्यांचे खेळ किंवा प्रदर्शन दाखवून पैसे घ्यायचे तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. याच मंडळाने 2018 मध्ये जयपूरच्या शंभरेक हत्तींची पाहणी केली, तेव्हा दहा हत्तींची क्षयरोगाची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि अनेकांची दृष्टी अधू असल्याचं दिसलं. क्षयरोग माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसालाही होतो. सोंडेवर फूल काढताना तुमचा चेहरा सोंडेपासून किती अंतरावर असतो, तेवढं बघा.

आपल्याकडचं उदाहरण फार लांब नाही. जुलै 2025 मध्ये नांदणी मठातली महादेवी, लोकांची माधुरी, कोर्टाच्या आदेशाने जामनगरला गेली आणि अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं. तुमच्यातले काही नांदणीहून निघालेल्या पदयात्रेत चालले असतील, काहींनी निर्णय बरोबर म्हणून वाद घातला असेल. त्या वादात कोण बरोबर हे इथे ठरवायचं नाही. पण एक पाहा: तीसहून जास्त वर्षं जिला गावाने सांभाळलं, तिच्याबद्दलही आपण विचारलं की तिचे पाय कसे आहेत, साखळदंडाने बांधलेली असते का, एकटी राहते का. जयपूरच्या हत्तिणीबद्दल रंग कोणता एवढंच का विचारायचं?

आता माहुतांचं. हा भाग सोपा नाही, आणि बहिष्काराच्या पोस्ट तो गाळतात. हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, शंभर लिटरच्या वर पाणी लागतं. पर्यटक आला नाही म्हणून हत्तीची भूक थांबत नाही. कोविडच्या काळात आमेरची सवारी बंद होती, तेव्हा चाऱ्याचे पैसे आणायचे कुठून हाच माहूत कुटुंबांपुढचा प्रश्न होता. आणि उद्या सगळ्यांनी जाणं बंद केलं तरी या हत्ती जंगलात जाणार नाहीत. आयुष्य माणसांत गेलेली म्हातारी हत्तीण जंगलात सोडून देता येत नाही. म्हणून फक्त 'बंद करा' म्हणून भागत नाही. पैसा कशासाठी मिळतो ते बदलावं लागेल.

ते अशक्य नाही. आमेरजवळचं हाथी गाव वाळूच्या जुन्या खाणीच्या उजाड जागेवर उभं आहे. राहुल मेहरोत्रा यांच्या आराखड्यात आधी पाण्याचे साठे आले, मग माहुतांची घरं आणि हत्तींची ठाणी, कारण माहूत आणि हत्ती यांचं नातं पाण्यातल्या आंघोळीत जुळतं असा त्यामागचा विचार होता. राजस्थान सरकारने त्या आंघोळीची वेळ ठरवून लांबून पाहण्याचं तिकीट लावावं आणि पैसे थेट माहुताला द्यावेत. हत्ती डुंबताना, चिखल उडवताना पाहायला पैसे द्यायला मी तयार आहे, तुम्हीही असाल. मथुरेजवळ 'वाइल्डलाइफ एसओएस'चं केंद्र 2010 पासून आहे. सर्कशीतून, रस्त्यावरून सोडवलेले हत्ती तिथे राहतात. आधी बुकिंग करून जाता येतं. सवारी नाही, रंग नाही. आग्र्याहून ते जवळ पडतं, म्हणजे तुमच्या त्याच पाच रात्रींत बसतं.

तुमच्या हातात दिसतं त्याहून जास्त आहे. पन्नास मुलांची बस हा टूरवाल्यासाठी मोठा धंदा असतो. पैसे भरण्याआधी ट्रिपच्या सरांना किंवा मॅडमना सांगा की ही ओळ काढा आणि बदल्यात दुसरं काही द्या. टूरवाला 'आमचे रंग एकदम नॅचरल' म्हणाला, तर नोंदणीचा कागद मागा, दिवसात किती ग्रुप येतात ते विचारा, हत्तींचं वय विचारा.

आणि जयपूरला जाऊन नैसर्गिक रंगांत हात घालायचेच असतील तर बगरूला जा. शहरापासून तीसेक किलोमीटरवर हे छापाकामाचं गाव आहे. तिथे कापड हरड्याच्या पाण्यात बुडवतात, गंजकं लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग करतात, नीळ वापरतात, आणि दाबू छपाईसाठी चक्क चिखल लावतात. वेळ नसेल तर खुद्द आमेरमध्येच अनोखीचं हातछपाईचं संग्रहालय आहे, तिथे कारागीर लाकडी ठसे चालवून दाखवतात. निळीचे डाग मात्र बोटांवरून लवकर जात नाहीत, त्यामुळे पांढरा कुर्ता घालून जाऊ नका.