फ्लेक्स एकाचा लागतो, बाकीच्यांचं काय?

निकाल लागला की गावाच्या वेशीवर फ्लेक्स लागतो. गुलाल, मिरवणूक, शाळेत शाल-श्रीफळ देऊन सत्कार. चांगलंच आहे. पोरांनी कष्ट केलेत, कौतुक व्हायलाच हवं. पण त्याच गावातले आणखी काही जण पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, मेसचं जेवून तोच अभ्यास करत असतात. त्यांचा विषय कुणी काढत नाही.

आधी हिशेब बघा. यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षा दिली ५,८३,२१३ जणांनी. मुलाखतीपर्यंत पोचले २,८४५ आणि शिफारस झाली १,००९ जणांची. म्हणजे पेपर दिलेल्या ५७८ जणांमागे एक. उरलेले ५७७ काही आळशी नसतात. "मेहनत केली की होतंच" हे वाक्य क्लासच्या जाहिरातीत ठीक आहे, घरात बोलू नका.

एमपीएससीची वयोमर्यादा २०१६ मध्ये खुल्या गटासाठी ३३ वरून ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ केली गेली. सवलत म्हणून सगळ्यांनी स्वागत केलं. पण वय वाढवून जागा वाढत नसतात, वाट बघणं वाढतं. बाविसाव्या वर्षी कामाला लागलेल्या माणसाला ५८ पर्यंत ३६ वर्षं मिळतात. अडतिसाव्या वर्षी लागलेल्याला २०. मधली १६ वर्षं नुसत्या पगाराची नसतात. त्याच काळात माणूस काम शिकतो, ओळखी करतो, चुकतो, सावरतो, चार पैसे बाजूला टाकतो. बत्तीस वर्षांचा बिनअनुभवी उमेदवार आणि बावीस वर्षांचा फ्रेशर एकाच रांगेत उभे राहिले, तर मालक कुणाला घेईल ते तुम्हीच सांगा.

आता कुणी म्हणेल, खाजगीत तरी काय ठेवलंय? कंत्राटी काम, बारा तास ड्यूटी, उद्याची खात्री नाही. शेतीचं तर बोलायलाच नको. अगदी खरं आहे. म्हणूनच सरकारी नोकरीची ओढ हा पोरांचा वेडेपणा नाही. आणि उशीर दर वेळी त्यांच्यामुळे होतो असंही नाही. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्वपरीक्षा बँकेच्या परीक्षेच्या दिवशीच आली, म्हणून पुण्यात पोरांना रस्त्यावर बसावं लागलं, मग ती पुढे ढकलली गेली. वेळापत्रक आधी ठरावं आणि पाळलं जावं, ही मागणी आपण सगळ्यांनीच लावून धरली पाहिजे.

मुलाखतीपर्यंत जाऊन राहिलेल्यांची माहिती नोकरी देणाऱ्या संस्थांपर्यंत पोचवायला यूपीएससीने 'प्रतिभा सेतू' सुरू केलाय. उपक्रम चांगला आहे. पण तो वरच्या पायरीवरच्या थोड्या लोकांसाठी. पूर्वपरीक्षेतच अडकलेल्या लाखोंना आपला सेतू आपणच बांधावा लागणार.

त्यासाठी माझं म्हणणं साधं आहे. तयारी सुरू करायच्या दिवशीच थांबायची तारीख ठरवा. तीन प्रयत्न किंवा सत्तावीस वर्षं, जे झेपेल ते, पण आई-वडिलांसमोर कागदावर लिहा. दोनदा पूर्वपरीक्षा निघाली नाही तर अर्धवेळ तरी काम धरा. हातातली पदवी गंजू देऊ नका. कॉमर्सवाल्याने टॅली-जीएसटीचं काम, इंजिनिअरने साइट, विज्ञानवाल्याने शिकवणी, काहीतरी चालू ठेवा. थांबलात तर तो अभ्यास वाया जात नाही. राज्यघटना, कायदा, अर्थकारण वाचलेला आणि चार ओळी नीट लिहिता येणारा माणूस पतसंस्थेत, वकिलाकडे, वर्तमानपत्रात, स्वतःच्या धंद्यातही उपयोगी पडतो.

मुलींचं गणित तर आणखी कठीण. भावाला आठ वर्षं, बहिणीला दोन, मग लगेच स्थळं. तारीख ठरवायचीच तर दोघांना सारखी ठरवा.

आणि गावकऱ्यांनो, पोरगा सुट्टीला आला की "कधी लागतोस?" विचारणं बंद करा. त्या एका प्रश्नाच्या भीतीने कितीतरी जण दिवाळीलाही घरी येत नाहीत. बॅग भरून कायमचा परत आला, तर चहाला बोलवा आणि "आता काय करायचं ठरवलंयस, आमची काय मदत?" एवढं विचारा. फ्लेक्सपेक्षा ते स्वस्त पडतं.