ठणका थांबला, रोग नाही!

हिरडीवरची पुळी फुटली, ठणका थांबला, की आपण दंतवैद्याला विसरतो. माझ्या मते ही घातक चूक आहे. किडलेल्या दातातील जंतू मुळाच्या टोकाशी पोचले, की तेथे पू साचतो. बंदिस्त जागेत दाब वाढतो, म्हणून दात ठणकतो. पुळी फुटताच दाब उतरतो. जंतू मात्र तेथेच राहतात. कुकरची शिट्टी झाली म्हणून शेगडी विझते का? लवंगतेलाने दुखणे बधिर होते, एवढेच. दातातील गर मेला, की आत रक्त पोचत नाही. मग नुसत्या गोळ्यांचे औषध कसे पोचणार? मुळाची पोकळी साफ करून भरून घ्यावी, नाहीतर दात काढावा. चेहरा सुजला, ताप आला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर तत्काळ रुग्णालय गाठा.