पोराचे नाव कोणत्या शाळेत घालावे?



उन्हाळा सरत आला की घरोघरी एकच बोलणे निघते : लेकरू तीन वर्षांचे झाले, आता कुठे घालायचे? बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात खासगी शाळांच्या पिवळ्या गाड्या पार वस्तीपर्यंत येतात. शेजारचे पोर टाय लावून गाडीत बसले, की अंगणवाडीत जाणाऱ्या आपल्या लेकराकडे पाहून जीव खालीवर होतो. पण शेजाऱ्याने ऊस लावला म्हणून आपण जिरायतात ऊस लावतो का? आधी जमीन पाहतो, पाणी पाहतो. शाळेचेही तसेच आहे.

पहिला हिशेब पैशाचा. फी एका वर्षाची नसते. बालवर्गापासून दहावीपर्यंत १३ वर्षे होतात, आणि गाडीभाडे, गणवेश, पुस्तके वेगळीच. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, फी मात्र ठरल्या तारखेला भरावी लागते. थोरल्याची फी भरली आणि धाकटीला घरी ठेवले, असे होणार असेल तर तो निर्णय चुकला म्हणून समजा.

दुसरा हिशेब भाषेचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी नाही, हा समज जुना झाला. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. शिवाय लहान मूल शिकते ते प्रश्न विचारून, आणि प्रश्न सुचतो तो घरच्या बोलीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असेच म्हटले आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून उभे आहे. मोठेपणी अशा संस्थांची दारे उघडी असतातच. तिथवर जायला आधी पाया पक्का हवा.

म्हणून खासगी शाळा वाईट, असे मात्र नाही. काही चांगल्या असतात, आणि काही सरकारी शाळांत गुरुजी असूनही शिकवणे नसते. तेव्हा पाटी पाहून ठरवू नका. एक दिवस रोजगार बुडवा आणि दोन्ही शाळा पाहून या. बाई मुलांना नावाने हाक मारतात का? एका वर्गात मुले किती? प्यायला पाणी, मुलींना संडास आहे का? दुसरीतल्या एखाद्या मुलाला धडा वाचायला सांगा आणि त्यात काय आहे ते त्याच्याच शब्दांत विचारा. वाचले पण सांगता आले नाही, तर ते नुसते पाठांतर. गाडीत लेकराचा वेळ किती जातो, तेही मोजा.

खासगी शाळेकडेच ओढा असेल आणि ऐपत नसेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव आहेत. जातीचे, उत्पन्नाचे दाखले वेळेवर काढून ठेवा.

शेवटी एक सांगणे. याच कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. पट घटला की शिक्षक घटतो, आणि मागे राहतात गरिबाची पोरे. पण शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, हेही कायदाच सांगतो. गावची शाळा बरी नाही म्हणण्याआधी, ताई, त्या बैठकीला तुम्ही कधी गेला होता का?