ज्याला गुरू नाही त्याचा कुंचला

गौलीगुड्यात गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या माणसाने चित्रकलेवर कशाला लिहावे, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राने पूर्वीच देऊन ठेवले आहे. वज्र राजा मार्कंडेय ऋषींपाशी मूर्ती घडविण्याची विद्या मागतो. ऋषी म्हणतात, त्यासाठी आधी चित्र आले पाहिजे. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. मूर्ती मागावयास आलेल्या राजाला अखेर गवयाच्या ओसरीवर येऊन बसावे लागते! दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला ही उतरंड ऐकून थोडे बरे वाटते, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु आज लिहावयाचे आहे ते या बरे वाटण्यापायी नव्हे.

आपल्या वस्तीत एक मंडळी हळूहळू वाढत आहे. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणाची मुले परदेशी गेल्यामुळे दुपार रिकामी झालेली, कोणी दुकान सांभाळून रात्री दहानंतर दिवा लावणारे. ही माणसे चित्रे काढतात. शाळेतल्या चित्रकलेच्या तासानंतर त्यांना कोणी काही शिकविलेले नाही आणि आता या वयात कलाशाळेत त्यांना कोणी घेणारही नाही. माझ्या वर्गाला नातवंडांना पोहोचवावयास येतात तेव्हा पिशवीतून हळूच वही निघते. एक काकू परवा म्हणाल्या, "मास्तर, चित्र मेल्यासारखं दिसतंय. काय चुकलंय तेवढं कळत नाही हो."

या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. काकूंचा हात चांगला आहे, चिकाटी आहे, रंगही हलके वापरलेले नाहीत. त्यांच्यापाशी नाही तो शब्द. माझ्या वर्गातील मुलगा बेसूर झाला की मी त्याला "काहीतरी चुकले" असे म्हणत नाही. "गंधार चढा लागला" असे म्हणतो. लगेच त्याचा कान त्या गंधारावर जातो आणि दुसऱ्या खेपेस तो सावरतो. चूक तीच, पण नाव मिळाले की ती हातात धरता येते. ज्याला गुरू नाही त्याच्याकडून कित्येकदा हे नाव देणारा माणूसच हरवलेला असतो. बाकीचे बरेचसे त्याचे त्याला साधते.

काकूंच्या चित्रात काय बिघडले होते ते मलाही दिसत होते. आपण मराठीत 'रंग' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना लावतो. तांबडा की निळा, ही एक गोष्ट. उजळ की काळसर, ही दुसरी. भडक की मळका, ही तिसरी. चित्रकार यांतील दुसऱ्या गोष्टीला टोन म्हणतात आणि चित्र बहुधा तेथेच मरते. काकूंनी झेंडूची फुले, तांब्या आणि मागची भिंत यांना निरनिराळे रंग दिले होते, पण तिन्ही सारख्याच उजळ. डोळे किलकिले करून पाहिले की सगळे एकमेकांत मिसळून सपाट होई. ही डोळे किलकिले करण्याची युक्ती फार जुनी आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. आजकाल त्याच चित्राचा काळापांढरा फोटो काढला तरी तेच कळते.

सावलीत काळा रंग कालविण्याची खोडही अशीच. नळीतला काळा म्हणजे पेटीची पट्टी. पेटीवर शिकलेल्या मुलाला दरबारीचा गंधार सापडत नाही, कारण तो कोणत्याही पट्टीवर नाही. तो झुलता आहे आणि नेहमीच्या कोमल गंधाराहून खाली आहे. तसा पांढऱ्या कापडावरच्या सावलीचा रंग कोणत्याही नळीत मिळत नाही. तो शेजारच्या तांब्यामुळे पिवळसर झालेला असतो, खिडकीमुळे निळसर झालेला असतो. तो पाहून कालवावा लागतो.

गुरूवाचून चित्रकला येते काय, या प्रश्नावर आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, गुरूविण विद्या नाही. दुसरा म्हणतो, कला उपजत असते. मला ही दोन्ही मते आळशीपणाची वाटतात. राजा रविवर्म्याचेच पाहा. त्रावणकोरच्या दरबारातल्या चित्रकाराने त्याला तैलरंगाची विद्या दिली नाही. १८६८ च्या सुमारास थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार तेथे आला. त्यानेही शिकविले नाही, फक्त काम चालू असता पाहू दिले. तेवढ्यावर रविवर्मा उभा राहिला. भिंतीआड बसून उस्तादांची विद्या चोरणाऱ्यांच्या गोष्टी आमच्या गवयांत पुष्कळ आहेत. पण गवयाची तान हवेत विरते, ती पुन्हा तशी ऐकावयास मिळेलच असे नाही. चित्र मात्र भिंतीवर तसेच उभे असते. शंभर वेळा जाऊन पाहा, तक्रार करीत नाही. म्हणून स्वतःचे स्वतः शिकण्यास चित्रकला ही गाण्यापेक्षा अधिक अनुकूल आहे, असे माझे मत आहे. माझ्याच धंद्याला ते बाधक असले तरी.

परंतु या विषयातले खरे मोठे उदाहरण आपल्या मराठी मुलुखातले, आणि तेही एका संस्थानातले आहे. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री १८९० साली जन्मले. कोणत्याही कलाशाळेत ते गेले नाहीत. त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. १९१० ते १९१६ या काळात या कामात त्यांचे नाव पश्चिम हिंदुस्थानात सर्वांच्या पुढे होते. लोकांनी मेस्त्री हे आडनाव पुसून त्यांना पेंटर हेच आडनाव दिले. धंद्याने आडनाव पालटावे, याहून मोठी पदवी ती कोणती?

पडदा रंगविणे ही काय शाळा असेल याचा विचार करा. संगीत नाटकाच्या पडद्यावर राजवाड्याचे दालन खोल गेलेले दिसावयाचे. समांतर खांबांच्या ओळी दूर एका बिंदूकडे मिळत जाव्या लागतात. यालाच आपण यथादर्शन म्हणतो. पण तो बिंदू मधल्या खुर्चीवरून बरोबर दिसला तर कडेच्या बाकावरून वाकडा दिसतो. मग तो कोठे धरावा? शिवाय रात्रीच्या पिवळ्या उजेडात दिवसा घोटलेला निळा मळकट पडतो. पुस्तकात चार ओळींत येणारी ही गोष्ट बाबूरावांना समोर बसलेल्या प्रेक्षकांनी शिकविली असली पाहिजे. खेळाची तारीख जाहीर झालेली, पडदा ओला, आणि नटमंडळी तालमीला उभी. असा परीक्षक कोणत्या विद्यापीठात मिळेल?

पुढे चित्रपटाची हाव लागली. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा स्वतःच तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. तिला पैसा दिला तो तानीबाई कागलकर या गायिकेने. गाण्याने चित्राला हात दिल्याचा हा दाखला मला फार आवडतो. चित्रसूत्रातले मार्कंडेय ऋषीही खूष झाले असते. १९२० साली 'सैरंध्री' आला. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडे लुगडे पडद्यावर काळे उमटे आणि निळे आकाश पांढरे. अशा वेळी नटीला कोणते वस्त्र द्यावे, भिंतीला कोणता रंग द्यावा, हे ठरविणे म्हणजे प्रत्येक रंगाचा टोन मनात वाचणे होय. ज्याने आयुष्यभर पडदे रंगविले त्याला ते वाचता येत होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी १९२९ मध्ये प्रभात काढली, आणि दामले-फत्तेलालांच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'चा पुढच्याच वर्षी व्हेनिसला गौरव झाला. बाबूराव १९५४ मध्ये गेले, तोवर शिल्पकार म्हणूनही त्यांचे नाव झाले होते.

या चरित्रातून लोक 'स्वयंशिक्षित' एवढाच शब्द उचलतात आणि तो फसवा आहे. बाबूराव शाळेत गेले नाहीत हे खरे. परंतु ते एकटे होते काय? वडील स्वतः कारागीर, बंधू शेजारी उभे राहून तोच पडदा रंगविणारे, गावात नाटक मंडळ्या, आणि शाहू महाराजांच्या छायेत जमलेले गवई, मल्ल, चित्रकार. दिवसाकाठी दहा माणसे त्यांच्या कामाला नाव ठेवीत असतील, आणि नाव ठेवणे म्हणजे शब्दशः नाव देणेच असते. आमच्या काकूंच्या चित्राला नाव ठेवावयास घरात कोणी नाही. सून म्हणते, "छान आहे," आणि टीव्हीकडे वळते. वर्षा-दोन वर्षांत रंगपेटी माळ्यावर जाते. मी अशा तीन पेट्या पाहिल्या आहेत.

शब्द कोठून आणावेत? माझे उत्तर असे की मिळेल तेथून. संस्कृत कोशातून घडविलेले जड प्रतिशब्द घोकण्याची मला हौस नाही. रंगाऱ्यापाशी किती चांगले शब्द आहेत! तो 'अस्तर' मारतो, भेगेत 'लांबी' भरतो, वर रंगाचे दोन 'हात' देतो. तैलचित्राचा पहिला नियम त्याच्या भाषेत सांगितला तर लगेच कळतो: खालचा हात टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरचे हात उत्तरोत्तर अधिक तेलाचे. उलट केले तर वरचा थर आधी सुकून ताठ होतो, खालचा तेलकट थर मागाहून हलतो, आणि चित्राला भेगा जातात. छत्ता बाजारातल्या कातिबांचा 'मश्क' हा शब्दही आपण हैदराबादकरांनी सोडू नये. एकच अक्षर शंभरदा गिरविणे, हे त्यात सगळे आले. जुन्यातलेही घ्यावे. यशोधराच्या जयमंगला टीकेतील सहा अंगांपैकी 'प्रमाण' आणि 'सादृश्य' आजही चालतात. 'वर्णिकाभंग' मात्र मला वर्गात कधी उच्चारवला नाही. चित्रसूत्र छाया देण्याच्या तीन रीती सांगते: पानाच्या शिरांसारख्या रेघांनी, अगदी बारीक सलग छटेने आणि ठिपक्यांनी. शिसपेन्सिलीने छाया देणाऱ्या प्रत्येकाने या तिन्ही एकदा करून पाहाव्यात.

आणि अजिंठा तर आपल्याच घरचा. १९५६ पर्यंत तो हैदराबाद संस्थानात होता. १९१४ मध्ये निघालेल्या येथील पुराणवस्तू खात्याने, गुलाम याझदानींच्या देखरेखीखाली, त्याची निगा राखली आणि चित्रांचे चार मोठे खंड १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. ती चित्रे ओल्या चुन्यावरची नव्हेत. मातीत भुसा व तंतू कालवून केलेल्या गिलाव्यावर पांढरा पातळ थर, आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात घोटलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा परदेशी लाजवर्दाचा. पाच-सहा रंगांत एवढे जग! १९२० साली निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलाविले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी जागेवर बसविला, हे उपकार मोठे. पण वर दिलेला लाखेचा हात पुढे पिवळा पडत गेला आणि चित्रे झाकोळली. तो काढण्याचे काम पुढच्या पिढ्यांना करीत बसावे लागले. पदार्थाचा स्वभाव कळल्यावाचून केलेली सेवाही कशी अंगलट येते ते येथे दिसते. स्वतः शिकणाऱ्याने कोणताही वार्निश घरच्या चित्राला लावण्यापूर्वी एका तुकड्यावर लावून वर्षभर खिडकीत ठेवावा.

आता मुद्द्याचे. गौलीगुड्यात आणि आसपास आपल्या मराठी संस्थांची सभागृहे आहेत. तेथे गाणे होते, व्याख्यानमाला होतात, नाट्यस्पर्धा होतात, हळदीकुंकू होते. चित्र काढणाऱ्याला मात्र तेथे भिंतसुद्धा नाही. वर्षातून एकदा मुलांची स्पर्धा झाली की चित्रकलेचे देणे फिटले असे आपण मानतो. रविवारी सकाळी दोन तास एक खोली उघडी ठेवा, एवढेच मागणे आहे. शिक्षक नको, फी नको. एक वस्तू मांडावयाची, सर्वांनी तीच काढावयाची, आणि शेवटच्या अर्ध्या तासात सगळी चित्रे जमिनीवर ठेवून प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्राविषयी बोलावयाचे. अट एकच. "छान" हा शब्द वर्ज्य. काय उजळ झाले, कोणती रेघ घसरली, कोणता रंग कोरडा पडला, ते नावानिशी सांगावयाचे. शब्द मराठी, उर्दू, तेलुगू कोणताही चालेल.

मंडळी म्हणतील, जमणार किती जण? आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी गौलीगुड्याच्या जुन्या बसस्टँडची चित्रे काढलेली आहेत. १९३० सालचा तो अर्धगोल लोखंडी हँगर जुलै २०१८ मध्ये कोसळला. त्याच्या आधी कित्येक सकाळी हे गृहस्थ समोर उभे राहून त्या कमानी एकीआड एक लहान होत जाताना काढीत असत. पहिल्या चित्रात त्या सगळ्या सारख्याच. आठव्या-नवव्या चित्रात दालन खोल जाऊ लागते. 'यथादर्शन' हा शब्द त्यांनी माझ्याकडून ऐकला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "याला नाव आहे होय?" ही चित्रे आज कपाटात आहेत आणि ती इमारत आता फक्त अशा कपाटांतून उरली आहे. तेव्हा पाच माणसे जमली तरी पुरे.

पहिल्या रविवारसाठी फार सामान नको. एक घासलेला पितळी तांब्या, त्याखाली पांढरा पंचा आणि डाव्या हाताला एकच दिवा. बाकीच्या खिडक्या लावून घ्याव्यात. तांब्यावर सर्वांत उजळ ठिपका कोठे आहे आणि सावलीतला पंचा उजेडातल्या तांब्याहून काळा आहे की नाही, एवढेच त्या दिवशी पाहू. तांब्या मी घरून आणतो.