मजुरी मांडा, मग भाव ठरवा

परवा बचत गटाच्या मीटिंगमध्ये एक मैत्रीण कौतुकानं सांगत होती, "ताई, दिवाळीत दहा किलो चकलीची ऑर्डर केली. सातशे रुपये सुटले!" आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मी वही काढली. भाजणी, तेल, पिशव्या मांडल्या होत्या. गॅस 'घरचाच', म्हणून धरला नव्हता. आणि तीन दिवस सोऱ्या दाबून दुखलेले हात? "अहो ताई, घरातल्या घरात कसली मजुरी?" सगळ्याच हसल्या. मला मात्र हसू येईना. गॅस नि साधी शेतमजुरी धरली, तरी तिला तोटाच झाला होता!

१९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथं पापड लाटणारीला किलोमागे मजुरी मिळते, नफ्याची वाटणी वेगळी. मग आपणच स्वतःला फुकट का राबवायचं?

भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती खरी आहे. म्हणून चौघींनी मिळून डाळ-तेल घाऊक आणावं, पाव किलोची पाकिटं करावीत, ऑर्डरीला निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. नात्यातली उधारीसुद्धा लिहून ठेवावी. पण मैत्रिणींनो, त्याआधी वहीत एक रकाना आखा, 'माझी मजुरी'. तो रिकामा ठेवून काढलेला नफा म्हणजे आपलीच फसवणूक.