शिष्यवृत्तीच्या पैशावर फिरतात म्हणे!

मध्यंतरी जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या एका मुलीने प्रागच्या जुन्या पुलावर उभं राहून काढलेला फोटो फेसबुकवर टाकला. खाली फक्त 'प्रागहून जय भीम' एवढंच लिहिलं होतं. 'आमच्या टॅक्सच्या पैशावर मजा चालू आहे' ही प्रतिक्रिया येणार हे ठरलेलंच होतं, आणि ती आली. पण त्याखाली आपल्याच चळवळीतल्या एका ज्येष्ठ माणसाने लिहिलं, 'बाबासाहेब लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास करत होते आणि ही पोरं सहली काढतात.' त्या मुलीने फोटो काढून टाकला. पहिल्या प्रतिक्रियेने तिला काही वाटलं नसतं. दुसरीने ती गप्प झाली. हा लेख त्या दुसऱ्या प्रतिक्रियेसाठी आहे.

पहिल्या आक्षेपाचा निकाल आधी लावू. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या राज्यभरात वर्षाला जागा ७५. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या अख्ख्या देशात १२५. एवढ्या मूठभर पोरांच्या रविवारचा हिशेब मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की झाडूवाली बाई बिस्किटाचा पुडा घेते तेव्हा तीही टॅक्स भरते. निर्वाहभत्ता हा जगण्यासाठी असतो आणि रविवार हा जगण्याचाच भाग आहे. जर्मन सरकारच्या पैशावर शिकणाऱ्या सवर्ण मुलाला कुणी विचारत नाही, की बाबा तू व्हेनिसला कसा गेलास? त्याचा फोटो म्हणजे कर्तृत्व आणि आमचा फोटो म्हणजे उधळपट्टी?

आता ही 'उधळपट्टी' कशी असते ते सांगतो. मी स्वतः सरकारी शिष्यवृत्तीवर जर्मनीत दोन वर्षं काढली आहेत. हप्ता वेळेवर यायचा नाही. तो येईपर्यंत मी एका हॉटेलात भांडी घासत होतो. २०२४ साली तिथली किमान मजुरी तासाला १२.४१ युरो होती. त्या पैशात खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा जेमतेम निघायचा. दुपारी विद्यापीठाच्या खाणावळीत सगळ्यात स्वस्त ताट. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी बटाटे, कांदे, पीठ भरून ठेवायचं. रिकाम्या बाटल्या साठवून दुकानात परत करायच्या, कारण एका बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. चार बाटल्या म्हणजे एक युरो, एक युरो म्हणजे एक पाव.

आणि प्रवास? मे २०२३ पासून जर्मनीत ४९ युरोंत महिनाभराचा पास सुरू झाला. तो काढला की देशभरातल्या साध्या गाड्या, ट्राम, बस सगळं त्यात. वेगवान गाड्या त्यात नाहीत. वेगवान गाडी चार तासांत नेते तिथे आम्ही तीन गाड्या बदलत आठ तासांनी पोचायचो. डब्यात चपाती आणि ठेचा. रात्री हॉस्टेलच्या आठ जणांच्या खोलीत एक पलंग. गावाकडे लग्नाला टेम्पोत उभं राहून जाणाऱ्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही.

आता बाबासाहेबांबद्दल. ते लंडनमध्ये उपाशी राहिले हे खरं. पण ती उपासमार त्यांचा आदर्श नव्हता, त्यांच्यावर लादलेली परिस्थिती होती. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडचे उसने पैसे यांवर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले होते. पुढच्या पिढीने उपाशी राहू नये म्हणूनच त्यांनी शिष्यवृत्त्यांसाठी आयुष्यभर भांडण केलं. त्यांच्या भुकेचा दाखला देऊन आपल्याच मुलीला लाज वाटायला लावणं हा बाबासाहेबांचा वारसा नाही.

दुसरं म्हणजे, बाबासाहेब एका शहरात बसून राहिले नाहीत. न्यूयॉर्क झालं, लंडन झालं, आणि १९२१ साली त्यांनी बॉन विद्यापीठातल्या प्रवेशासाठी जर्मन भाषेत अर्ज केला. ज्या माणसाला साताऱ्याच्या शाळेत पाण्याच्या नळाला हात लावू दिला नाही, तो जर्मनीतल्या विद्यापीठाशी त्यांच्याच भाषेत बोलत होता!

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या त्या पुस्तिकेचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यातल्या त्यांच्या स्वतःच्या आठवणी पाहा. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात, जात कळताच गाडीवान नकार देतात आणि दुप्पट भाडं भरून मुलांनाच बैलगाडी हाकावी लागते. १९१७ साली परदेशातून शिकून आलेला माणूस बडोद्यात राहायला जागा शोधतो आणि पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेले लोक त्याला हुसकावतात. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाले न्यायला तयार होत नाहीत, नवखा माणूस टांगा हाकतो आणि अपघात होतो. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाचं पाणी वापरलं म्हणून दंगा होतो. या सगळ्या प्रवासाच्या गोष्टी आहेत! शेवटची तर चक्क सहल आहे, किल्ला बघायला निघालेल्या कार्यकर्त्यांची. कोण कुठे जाऊ शकतं, कुठे उतरू शकतं, कुठलं पाणी पिऊ शकतं हे ठरवणं म्हणजेच जातव्यवस्था. म्हणून आपल्या पोरीचं पाठीवर पिशवी टाकून अनोळखी शहरात उतरणं ही चैन नाही. आपल्याला नाकारलेला हक्क ती वापरते आहे.

पण युरोप म्हणजे स्वर्ग असंही मी सांगणार नाही. रेल्वेच्या डब्यात पोलिसांनी तपासणीसाठी नेमकं मलाच उठवलं, असं दोनदा झालं. नाव वाचून खोली नाकारणारे घरमालक तिथेही आहेत. आणि जात? ती आपल्याच लोकांच्या सामानातून तिथे पोचलेली आहे. आमच्या शहरातल्या भारतीय विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. सहलीला आठ जणांत घर घ्यायचं ठरलं की कुणीतरी पटकन विचारायचं, 'तुझं पूर्ण नाव काय?' मग 'किचन फक्त व्हेज' हा नियम यायचा. गणपतीत ग्रुपवर शंभर फोटो चालायचे. १४ एप्रिलला मी अभिवादनाचा एक फोटो टाकला तर ॲडमिनचा मेसेज आला, 'ग्रुपवर राजकारण नको.' जर्मन माणसाला माझं आडनाव कळत नव्हतं. सहा हजार किलोमीटरवर ते फक्त माझ्या देशबांधवांना कळत होतं. त्यानंतर मी एकट्याने फिरायला लागलो आणि तेच बरं झालं.

एका शनिवारी म्युनिकहून लोकल पकडून दाखाऊला गेलो. १९३३ साली उघडलेली नाझींची छळछावणी. आज तिथे स्मारक आहे, प्रवेशाला पैसे लागत नाहीत. माझ्या पुढे जर्मन शाळकरी पोरांचा वर्ग होता. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने काय केलं ते शिक्षिका त्यांना सांगत होती. कोलोनच्या फुटपाथवर चालताना पायाखाली दहा सेंटिमीटरच्या पितळी पाट्या दिसतात. या घरात कोण राहत होतं, त्याला कधी उचलून नेलं, कुठे मारलं, सगळं कोरलेलं. युरोपभर अशा एक लाखाहून जास्त पाट्या आहेत. मी तिथे उभा राहून खैरलांजीचा विचार करत होतो. आपल्याकडे असा एक दगड बसवायचा म्हटलं तर गावात बंदोबस्त लावावा लागेल. वंशद्वेष तिथे आजही संपलेला नाही, पण गुन्हा फुटपाथवर लिहून ठेवता येतो हे मी डोळ्यांनी पाहिलं. हे ग्रंथालयात बसून कळलं असतं का? मला नाही वाटत.

इथे एक गोष्ट आठवते. २०२२ साली केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषयच वगळले. म्हणजे परदेशात जा, पण जातीबद्दल अभ्यास करू नका. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात जातीवर निबंध वाचला होता, आजच्या नियमात त्यांनाही तो विषय घेऊन जाता आलं नसतं. वर्गात विषय बंद करणारं सरकार आणि रविवारी घरात बसा म्हणणारे आपले ज्येष्ठ, दोघांचा परिणाम एकच होतो. आपल्या पोरांनी जग बघून आपल्या समाजाशी ताडून पाहायचं नाही.

समाजाचं देणं फेडायचं हे मान्यच आहे. ते कसं फेडायचं ते बोलू. परदेशातल्या मित्रहो, आयफेल टॉवर जरूर बघा, पण त्याचबरोबर लंडनला १०, किंग हेन्रीज रोडवरच्या घरी जा. बर्लिनला संसदेसमोर सिंती आणि रोमा लोकांचं स्मारक आहे, तिथे थांबा. हंगेरीत रोमा मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाने शाळा चालते, 'जय भीम' म्हणणारे लोक तिथे आहेत. माझं जाणं राहून गेलं, तुम्ही जा. आणि परत आल्यावर मराठीत लिहा. खोली कशी मिळाली, पास कितीचा पडला, हप्ता अडकला तेव्हा काय केलं, भीती कुठे वाटली. तुमचं एक पान वाचून एखाद्या वस्तीतली मुलगी अर्ज भरेल.

आणि त्या प्रागवाल्या ताईला एकच विनंती, तो फोटो परत टाक. खाली पहिला 'जय भीम' माझा असेल.