कॅसेट अजून कपाटातच आहे का?

आधीच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घासाठी अजून आईला फोन करावा लागतो. पण हा लेख इंग्रजीत लिहिला असता तर आईने वाचला नसता, आणि विषय तर तिच्याच लग्नाच्या कॅसेटचा आहे.

२००१ सालची व्हीएचएस कॅसेट, तीन तासांची. तिच्यात माझे आजोबा मंगलाष्टकं म्हणतायत. माझा जन्म व्हायच्या आधीच ते गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. गेल्या दिवाळीत बाबांनी एका दुकानातून तिची डीव्हीडी करून आणली. घरी लावली तर चालेना! डिस्क फायनलाइजच केली नव्हती. ते केल्याशिवाय रेकॉर्डरवर भरलेली डिस्क बहुतेक दुसऱ्या प्लेअरवर चालत नाही. परत जाऊन ते करून आणलं, तर अक्षता उडतात तिथे पडद्यावर नुसते चौकोन.

हे चौकोन का येतात? आपण इंजिनिअर ना, हिशोब करूया. साध्या डिस्कमध्ये ४.७ जीबी मावतं. एक तास भरला तर सेकंदाला साधारण १० मेगाबिट मिळतात, दोन तासांना ५, तीन तासांना जेमतेम साडेतीन. अक्षता म्हणजे एकाच वेळी शंभर ठिकाणी हालचाल. एमपीईजी-२ ला तेवढ्यात ते झेपत नाही. दुकानदाराने एक डिस्क वाचवली आणि आमचा मुहूर्त घालवला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घरच्या कॅसेटची कॉपी घरीच करावी. त्यासाठी जुना डीव्हीडी रेकॉर्डर घेणार असाल तर तो हार्ड डिस्कवालाच घ्या. आधी सगळं हार्ड डिस्कवर उतरवायचं, नको ते कापायचं, मग दोन-तीन डिस्कमध्ये नीट वाटायचं. व्हीसीआर आणि रेकॉर्डर एकाच डब्यात असलेला कॉम्बो सोयीचा वाटतो, एक बटण दाबलं की झालं. पण त्यातली कॅसेटची बाजू बिघडली की निम्मा डबा गेला. पिवळी-लाल-पांढरी इनपुट आहेत ना, हे पाहा. आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या, ६२५ रेषांच्या. अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससी, ५२५ रेषांची असणार. व्हीसीआर आणि रेकॉर्डर दोघांनाही दोन्ही चालायला हवं. सिनेमाच्या विकतच्या कॅसेटवर कॉपीबंदीचा सिग्नल असतो, त्या उतरणार नाहीत. तो आपला विषयही नाही.

माझी रूममेट म्हणाली, "अगं, एवढं कशाला? यूएसबी कॅप्चर लाव की लॅपटॉपला." तिचं चूक नाही. ते स्वस्त पडतं आणि थेट फाइल मिळते. पण जुन्या टेपचा सिग्नल डळमळीत असतो. स्वस्तातलं कॅप्चर मध्येच फ्रेम गाळतं आणि तासाभराने ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे होतं. चांगलं कॅप्चर मिळालं तर जरूर घ्या, मी भांडणार नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता आहेत ते जुनेच, आणि दुरुस्त करणारे काकाही कमी होत चाललेत. शिवाय आपला पावसाळा! कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. आधी ती जाणकाराकडून साफ करून घ्या.

आणि डिस्क झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. घरी भरलेली डिस्कही कधी ना कधी दगा देते. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवा, आणि मूळ कॅसेट फेकू नका.

आम्ही मे महिन्यात शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणि सेकंडहँड रेकॉर्डर जोडून ती कॅसेट तीन डिस्कमध्ये उतरवली. आजोबांचा आवाज सुरू झाला तेव्हा आई पोळ्या लाटत होती. ती आली आणि पिठाच्या हातांनी शेवटपर्यंत उभीच राहिली. तव्यावरची पोळी करपली, कोणी काही बोललं नाही.

सबमिशन दरवर्षी असतात हो. या सुट्टीत घरी गेलात की आधी ते कपाट उघडा.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन